गंगापूर रोडच्या पश्चिमेकडल्या भिंतीवर सायकेडेलिक म्युरल: निऑन रंग टिकेल का, आणि रंग ‘हलते’ कसे करायचे?

भिंत_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला एका दुमजली इमारतीची बाजूची भिंत रंगवायचं काम आहे. मालकांची लेखी परवानगी हातात आहे. भिंत २४ फूट रुंद, १४ फूट उंच, तोंड थेट पश्चिमेला. रस्त्यावरून बघणारा साधारण २० मीटरवर असतो. गिलावा जुना आहे, वाळू दिसणारा खरबरीत. त्यावर आधीचा एक्सटिरियर इमल्शन असून हात फिरवला की पांढरी पूड लागते. खालच्या दोनेक फुटांत लोणा आलाय.

चित्र सायकेडेलिक (भडक रंग, हलल्यासारखे भासणारे आकार) आणि थोडं अतिवास्तव हवं आहे. विषय रंगपंचमीची रहाड. जुन्या नाशकातल्या या दगडी हौदांत, ठरलेल्या रंगाच्या पाण्यात लोक धप्पा (उडी) मारतात, तो क्षण. कुठेतरी ‘नाशिक’ हे अक्षर असावं आणि ते रस्त्यावरून वाचता यावं. मशरूम, तिसरा डोळा, धूर सोडणारे बाबा असलं काही नको. ते सगळीकडे झालंय आणि त्यात नाशिक कुठेच नाही.

अडचणी अशा:
निऑनचे डबे आणि स्प्रे वापरायचा विचार आहे, पण ते उन्हात किती टिकतात?
जुन्या सायकेडेलिक पोस्टरांत दोन रंगांची कड थरथरते, तसं साध्या इमल्शनमध्ये जमतं का? गुलाबी, पोपटी आणि निळा शेजारी लावून पाहिले. भडक दिसतात, पण थरथर नाही.
देवनागरी अक्षर वितळतं करायला गेलं की वाचता येत नाही.
रंग किती लागेल?

काम मेअखेर, पावसाच्या आधी संपायला हवं.

---

ओळंबा

रंगाचं इतर लोक सांगतीलच. आधी भिंतीचं बघू, कारण पूड सुटणाऱ्या भिंतीवर कितीही चांगलं चित्र काढलं तरी ते पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतं.

लोणा आधी कोरड्या तारेच्या ब्रशने खरवडा आणि पूड सुपडीत भरून बाहेर टाका. पाणी मारून धुवायची घाई करू नका. लोणा म्हणजे क्षार. पाणी मारलं की तो विरघळून परत गिलाव्यात शिरतो आणि वाळताना नव्या रंगाला आतून ढकलून बाहेर येतो. खरवडल्यावर प्लॅस्टिकचा दीड फूट चौरस तुकडा खालच्या भागात चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि रात्रभर, किमान १६ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली. आतून येत असेल तर आधी कारण शोधा: फुटलेला पाइप, भिंतीला टेकलेली माती, छताचं पाणी खाली उडणं. ते न करता वॉटरप्रूफिंगचा हात मारला तर ओल दोन फुटांवरून चार फुटांवर चढेल, एवढंच.

कारण निघालं तरी खालचे दोन फूट चित्रात घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. पावसात रस्त्याचा चिखल तिथंच उडतो. ती पट्टी काळ्या दगडाच्या रंगात साधी ठेवा. रहाड दगडी हौदच असते, त्यामुळे ते चित्राला शोभेल, आणि पट्टी दरवर्षी एका तासात परत मारता येते.

वरच्या भागात शेवाळ किंवा काळे डाग असतील तर घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग मिसळून मारा, १५-२० मिनिटं थांबा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. मग दोन दिवस वाळू द्या. पॉलिश पेपर मारून झाल्यावर काळं कापड भिंतीवरून फिरवा. कापड पांढरं होत असेल तर अजून पूड आहे.

पुट्टी पूर्ण भिंतीला नको. बाहेरच्या भिंतीवर पुट्टीचा थर हा सगळ्यात कच्चा थर असतो, तिथूनच पापुद्रा सुटतो. फक्त भेगा आणि खड्डे भरा. खरबरीतपणा राहू द्या. २० मीटरवरून तो दिसत नाही आणि रंग धरून ठेवतो.

हिशेब: पूर्ण भिंत ३३६ चौरस फूट. एक्सटिरियर प्रायमरचा एक हात, सुमारे ३ लिटर. पांढऱ्या इमल्शनचे दोन हात, लिटरला ५० चौरस फूट धरून ७ लिटर. खरबरीत गिलावा २०-३० टक्के जास्त पितो, म्हणून पांढरा ९ लिटर घ्या. दगडी पट्टी सोडली तर चित्राला २८८ चौरस फूट उरतात. पिवळा, नारिंगी, गुलाबी हे रंग खालचा थर कमी झाकतात, त्यांना तीन हात लागतात. लिटरला ३५ चौरस फूटच धरा. निळा-हिरवा दोन हातांत बसतो. अर्धी भिंत तापट रंगांची असेल तर ते सव्वाचार लिटर आणि थंड रंग तीन लिटर. त्यावर खरबरीतपणाचे वीस-तीस टक्के चढवा.

पश्चिमेच्या भिंतीचा एक मोठा फायदा आहे: दुपारी बारापर्यंत ती पूर्ण सावलीत असते. सकाळी साडेसहा ते अकरा काम करा. दुपारी तापलेल्या गिलाव्यावर रोलर फिरवला तर रंग रोलरखालीच वाळतो, एकावर एक हात चढल्याचे पट्टे दिसतात आणि मोठी सपाट वर्तुळं डागाळलेली दिसतात. रंगात जास्त पाणी घालून ते सुटत नाही, उलट थर पातळ होऊन लवकर फिकतो.

---

हळद_निळा

निऑनचं थेट उत्तर: पश्चिमेच्या भिंतीवर मुख्य रंग म्हणून नको.

निऑन रंगात नेहमीचं रंगद्रव्य नसतं. राळेच्या बारीक कणांत विरघळवलेला चमकणारा डाय असतो. तो अतिनील किरण घेऊन ते दिसणाऱ्या प्रकाशात परत सोडतो, म्हणून डोळ्याला तो ‘पेटलेला’ वाटतो. ज्या किरणांमुळे तो पेटतो तेच त्याला मोडतात. दुपारी बारापासून सूर्यास्तापर्यंत थेट ऊन घेणाऱ्या भिंतीवर निऑन गुलाबी काही महिन्यांत आजारी फिकट होतो. पिवळाही टिकत नाही. वर अतिनीलरोधक क्लिअर कोट मारला तर वेग कमी होतो, थांबत नाही. शिवाय अतिनील किरणच अडवल्यामुळे चमकही थोडी उतरते. निऑनची हौस असेल तर इमारतीच्या आतल्या जिन्यात अतिनील ट्यूबखाली करा, तिथं तो खरा खुलतो.

बाहेर भडकपणा मिळतो तो टिकाऊ रंगद्रव्यातून. दुकानात शेड मशिनवर काढताना दोन गोष्टी सांगा. एक, पांढऱ्या बेसमध्ये (बेस म्हणजे ज्यात रंग मिसळतात तो मूळ डबा) नको, गडद शेडसाठीच्या बेसमध्ये काढा. पांढऱ्या बेसमध्ये टायटॅनियमचं पांढरं रंगद्रव्य ठासलेलं असतं, त्यात कितीही रंग घातला तरी दुधाळच निघतो. तुमचा गुलाबी ‘भडक’ असूनही खडूसारखा दिसत असेल तर कारण हेच. दोन, बाहेरच्या उन्हासाठी टिकणारा स्टेनरच (बेसमध्ये मिसळायचा दाट रंग) वापरायला सांगा. छोट्या बाटल्यांवर किंवा डब्यांवर रंगद्रव्याचा कोड छापलेला असेल तर किरमिजी-गुलाबीला पीआर १२२, निळ्याला पीबी १५, हिरव्याला पीजी ७ शोधा. हे तिन्ही उन्हाला चांगले आहेत. पिवळ्यात काळजी घ्या: पीवाय ७४ भरपूर वापरला जातो, पण पांढऱ्यात पातळ केला की लवकर जातो. पीवाय १८४ महाग, पण टिकतो.

घरी स्टेनर मिसळणार असाल तर लिटरला ३०-४० मिलिच्या वर जाऊ नका, आणि बाटलीवर मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. जास्त झाला की रंग नीट वाळत नाही, चिकट राहतो आणि पहिल्या पावसात ओघळतो.

आता थरथर. तुमचे रंग भडक असूनही थरथरले नाहीत, कारण त्यांचा उजळपणा वेगवेगळा होता. डोळा कड ओळखतो ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. दोन रंग विरुद्ध असले पण उजळपणा सारखा असला, तर ‘इथे रंग बदलला’ हे कळतं, पण कड नक्की कुठे आहे हे डोळ्याला पकडता येत नाही. तेव्हा ती सरकल्यासारखी वाटते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या १९६६-६७च्या संगीत-पोस्टरांत व्हिक्टर मॉस्कोसो या पोस्टरकाराने हेच केलं. तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जोसेफ अल्बर्स या चित्रकार-शिक्षकाकडे शिकला होता, आणि शेजारच्या रंगांनी डोळ्याला त्रास होऊ नये म्हणून जे टाळायला शिकवलं जायचं, तेच त्याने मुद्दाम वापरलं. त्याच अल्बर्सने रंगांच्या परस्परसंबंधांवरचं पुस्तक १९६३ साली छापलं, त्यात हे सगळं प्रयोगांनी मांडलेलं आहे.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण येवल्याच्या धूपछाँव पैठणीत आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. दोघांचा उजळपणा जवळ असेल तर कापड हलवलं की रंग हलतो. एक सूत फार गडद असेल तर तेच कापड नुसतं मळकट दिसतं.

भिंतीवर करायचं ते असं. सहा इंचाच्या प्लायच्या तुकड्यांवर प्रत्येक रंगाचे दोन-दोन हात मारा. ज्या दोन रंगांची जोडी लावायची ते तुकडे कडेला कड लावून सावलीत ठेवा, आणि दोन्ही एकाच चौकटीत घेऊन फोनने फोटो काढून कृष्णधवल करा. मधली कड दिसेनाशी झाली तर जोडी जमली. दिसत असेल तर गडद बाजूला पांढरा घाला, किंवा उजळ बाजूत तोच रंग पण गडद मिसळा. काळा घालू नका, मळतो. वेगवेगळे फोटो काढून तुलना करू नका, फोन प्रत्येक फोटोचा उजेड स्वतःच बदलतो. डोळे अर्धे मिटून बघणं हीही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे.

नारिंगी आणि निळ्यात निळा नेहमी फार गडद असतो, त्यात बराच पांढरा जातो. तो मोरपंखीपासून आकाशीपर्यंत येतो तेव्हाच नारिंगीला भिडतो. लाल आणि मध्यम हिरवा जवळजवळ तयारच जमतात. किरमिजी-गुलाबीला पानाचा हिरवा लागतो. तुमचा पोपटी त्याच्यासमोर फार उजळ आहे, म्हणून जोडी फसली. पिवळ्याला जोडीदार मिळत नाही, कारण तो एवढा उजळ असतो की समोरचा रंग पांढुरका होतो आणि जीव जातो. पिवळा थरथरीसाठी वापरू नका. तो उजेडाचा रंग म्हणून एकाच जागी वापरा.

आणि दोन थरथरत्या रंगांमध्ये काळी बाह्यरेषा ओढलीत की सगळं संपलं. रेषा डोळ्याला पकडायला खुंटी देते. पॉप आर्टची जाड काळी रेषा आणि सायकेडेलिक कड या एकमेकींना मारणाऱ्या गोष्टी आहेत. दोन्ही हव्या असतील तर वेगवेगळ्या भागांत ठेवा: माणसांना काळी रेषा, पाण्याला नाही.

---

वेलांटी

अक्षराबद्दल आणि कल्पनेबद्दल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या पोस्टरांमधली वितळती अक्षरं आकाशातून पडली नव्हती. वेस विल्सन या पोस्टरकाराने ती आल्फ्रेड रोलर या व्हिएन्नाच्या चित्रकाराच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोस्टरांवरून घेतली. युक्ती एकच: आधी बाहेरचा आकार ठरवायचा, आणि अक्षरांनी तो आकार काठोकाठ भरायचा. अक्षरांमधली फट सगळीकडे सारख्या जाडीची, आणि अक्षराचं वजन नि पार्श्वभूमीचं वजन जवळजवळ समान. म्हणून ती आधी नक्षी वाटतात आणि मग वाचता येतात.

रोमन अक्षरं सुटी असतात, म्हणून त्यांना हे सोपं जातं. देवनागरीत वाचन शिरोरेषेखाली लोंबणाऱ्या आकारांवरून होतं. शिरोरेषा लाटेसारखी वाकवा, पण एका शब्दात तोडू नका. उलट तीच बाहेरच्या आकाराची वरची कड होऊ द्या. वाचायला लागणाऱ्या खुणा तशाच ठेवा आणि बाकीचं वितळवा. ‘ना’मध्ये दोन दंड हवेत, ते जाड-बारीक होऊ शकतात पण समांतर सरकायला हवेत. ‘शि’ची वेलांटी तुमचं सगळ्यात मोठं खेळणं आहे: ती ‘श’च्या डावीकडे उतरते आणि वरून कमान टाकते. ती कमान ‘ना’च्या डोक्यापर्यंत ताणली तरी चालते, फक्त ती टेकायला हवी ‘श’वरच. ‘क’ची डावी गाठ बंद आणि उजवी वाटी उघडी, एवढं राखा. बहुतेक जण इथेच चुकतात: दोन्ही बाजूंना सारखे गोळे काढतात आणि ‘क’ मेलेल्या फुलपाखरासारखा दिसतो.

उंची: साध्या ठळक अक्षराला १० फूट अंतरामागे एक इंच पुरतो, म्हणजे २० मीटरला साडेसहा इंच. वितळत्या अक्षराला त्याच्या तिप्पट-चौपट द्या. दोनेक फूट ठेवा. कृष्णधवल चाचणी इथे उलटी लावा: अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात थोडा फरक राहू द्या. बाकी पाणी थरथरू दे, शब्द नाही.

अतिवास्तव चित्रात नव्याने हात घालणारे एकाच चित्रात दहा अशक्य गोष्टी भरतात: उडणारा मासा, वितळलेलं घड्याळ, माणसाच्या डोक्याच्या जागी झाड. मग एकही गोष्ट खटकत नाही. बेल्जियमच्या मॅग्रिट या अतिवास्तव चित्रकाराचं १९५२चं चित्र बघा, खोलीभर मोठा कंगवा आणि पेला. भिंतींच्या जागी आकाश आहे ते सोडलं तर खोटं फक्त मापात आहे. सावली, लाकडाचा पोत, काच सगळं खरं. एक खोटं ठेवा आणि बाकी सगळं अगदी इमानदारीने काढा.

रहाडीसाठी माझी सूचना: धप्पा बाहेरून काढू नका, तो सगळे काढतील. रहाडीच्या आतून, पाण्याखालून वर बघा. रस्त्यावरचा माणूस भिंतीसमोर उभा राहिला की तो रंगात बुडालेला असेल. खऱ्या रहाडीचं पाणी गढूळ असतं, त्यातून वरचं काही दिसणार नाही. ते पारदर्शक आहे, हेच तुमचं एकमेव खोटं.

बाकीचं भौतिकशास्त्राने ठरतं. पाण्याखालून वर बघितलं तर बाहेरचं सगळं जग, थेट क्षितिजापर्यंत, सुमारे ९७ अंशांच्या एका गोलात आवळलेलं दिसतं. गोलाच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात हौदाच्या भिंतींचं उलटं प्रतिबिंब दिसतं. गोलाची त्रिज्या डोळ्याच्या खोलीच्या सुमारे १.१३ पट. डोळा दोन फूट खाली धरला तर गोल साडेचार फुटांचा होतो. फार खोल धरलात तर गोल हौदाच्या तोंडापेक्षा मोठा होईल आणि हौदाचं चौकोनी तोंडच दिसेल, मजा जाईल. म्हणून दोनच फूट.

१२ फूट उंचीच्या चित्रात हा गोल दुप्पट करून ९ फुटांचा काढा, मध्याच्या जरा उजवीकडे. त्याच्या आत काठावर वाकून बघणारी माणसं. कडेची माणसं चपटी आणि दाबलेली दिसतात, मधली सरळ. गोलाच्या मधोमध धप्पा मारणाऱ्याचे दोन तळपाय, प्रचंड मोठे, कारण ते सगळ्यात जवळ आहेत. पिवळा फक्त आकाशाला. गोलाबाहेर थरथरत्या जोड्यांचे तरंग आणि त्यांत काळ्या दगडाचे उलटे चिरे. डावीकडच्या तरंगांच्या लाटेतच ‘नाशिक’ बसवा, शिरोरेषा म्हणजे तरंगाची एक रेघ.

तरंगांच्या नक्षीसाठी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जाते ती कोणतीही नोट भिंगाखाली बघा. एकमेकींत गुंतलेल्या त्या वळणदार रेषांना गिलोशे म्हणतात. एकच वळण थोडं थोडं फिरवून परत परत काढलेलं असतं. भिंतीवर तेच पुठ्ठ्याचा एक वक्र साचा कापून, दर वेळी एक इंच सरकवत काढता येतं.

---

तिरकी_नजर

कल्पना मनापासून आवडली, म्हणूनच एक गंभीर गोष्ट सांगतो. ही भिंत रस्त्याकडे आहे.

ठळक पट्टे काही लोकांना खरोखर त्रास देतात: डोकेदुखी, मळमळ, अर्धशिशी, आणि प्रकाशाने झटके येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांना त्याहून जास्त. सगळ्यात त्रासदायक मांडणी म्हणजे दृष्टीच्या एका अंशात सुमारे तीन जोड्या, एक काळा-एक पांढरा अशी जोडी. २० मीटरवर एक अंश म्हणजे ३५ सेंटीमीटर. म्हणजे जोडी १२ सेंटीमीटरची, एकेक पट्टा ६ सेंटीमीटरचा. अडीच इंची ब्रशच्या एका फटक्याची रुंदी बरोबर एवढीच असते, त्यामुळे न ठरवता हात तिथेच जातो.

उपाय साधा आहे. तरंगांच्या पट्ट्यांची रुंदी एकसारखी ठेवू नका. गोलाजवळ एक इंच, बाहेर जाताना तीन, पाच, आठ इंच असं वाढवत न्या. पाण्याचे खरे तरंगही विरत जाताना समान अंतरावर राहत नाहीत. काळा-पांढरा टाळा. समान उजळपणाच्या जोड्यांनी हा त्रास बराच कमी होतो. पण लाल-निळ्याची जोडी मोठ्या भागात सलग नको, तीही काहींना सोसत नाही. एवढं करून दगडी चिऱ्यांचे दोन-तीन शांत, सपाट भाग मध्ये सोडा. डोळ्याला टेकायला जागा मिळते आणि शेजारची थरथर उठून दिसते.

फार बारीकही नको. पूर्ण भिंत चौकटीत बसवून काढलेला फोटो सोशल मीडियावर १०८० पिक्सेलपर्यंत लहान झाला की एका पिक्सेलला सुमारे ७ मिलिमीटर भिंत येते. दीड सेंटीमीटरपेक्षा बारीक समांतर रेषा फोटोत भलत्याच लाटा दाखवतात किंवा नुसत्या राखाडी होतात. गिलोशेची नक्षी दोन सेंटीमीटरच्या रेषेने काढा.

आणि दुकानाचं नाव किंवा बोधचिन्ह चित्रात घुसवायचा आग्रह झाला तर आधी महापालिकेत विचारा. नाव आलं की चित्राची जाहिरात होते आणि परवानगीचा प्रश्न वेगळा होतो. १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरणविरोधी राज्य कायदाही आहे, मालकाची लेखी परवानगी परांचीवर सोबतच ठेवा.

---

भिंत_गंगापूररोड

पाण्याखालचा कोन पक्का केला. पोपटी काढून पानाचा हिरवा लावला, पांढरा एक चमचा घातल्यावर फोटोतली कड गेली, आणि समोर धरल्यावर गुलाबी खरंच हलायला लागला!

दोन प्रश्न राहिले. ९ फुटांचा गोल आणि तरंग भिंतीवर उतरवायचे कसे? प्रोजेक्टर मिळेल, पण समोर रस्ता आहे. आणि गोलाच्या आतलं आकाश पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत विरत न्यायचंय, स्प्रेने करू का?

---

ओळंबा

प्रोजेक्टर फक्त माणसं आणि अक्षरासाठी, रात्री रहदारी कमी झाल्यावर. तो भिंतीच्या बरोबर मध्यासमोर आणि समपातळीत हवा. तिरका ठेवून मशिनमध्ये दुरुस्ती केली तर वरचा भाग धूसर होतो. गोलासाठी प्रोजेक्टर वापरू नका, त्याचा अंडाकार व्हायला वेळ लागत नाही आणि गोल चुकलेला लहान मुलालाही दिसतो.

गोलाच्या मध्यावर खिळा ठोका आणि दोरीऐवजी बारीक बाइंडिंग वायर घ्या. सुती दोरी साडेचार फुटांवर ताणली की अर्धा इंच लांबते आणि वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. वायरच्या टोकाला खडू बांधा, पेन्सिल नको, ती खरबरीत गिलाव्यावर तुटते. आडव्या-उभ्या रेषा लाइनदोरीला गेरू लावून आणि ओळंब्याने. तरंग मुद्दाम थोडे वेडेवाकडे हवेत, त्यासाठी वर सांगितलेला पुठ्ठ्याचा साचा पुरे.

तोंडं आणि तळपाय परत परत लागत असतील तर रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदाची पद्धत वापरा. मोठ्या ब्राऊन पेपरवर चित्र, रेषेवर जाड सुईने दर सेंटीमीटरला भोक, आणि पातळ कापडाच्या पुरचुंडीत गेरूची पूड भरून कागदावर आपटत जायचं. भिंतीवर ठिपक्यांची रेषा उमटते. पूड जास्त झाली तर पिवळ्यात मिसळून तो मातकट होतो, म्हणून आपटल्यावर कोरड्या ब्रशने झटका.

---

हळद_निळा

आकाशासाठी स्प्रे नको. एक तर तुमची कामाची वेळ सकाळची, वारा सुटला की ९ फुटांच्या गोलावर धूर एकसारखा बसत नाही. दुसरं, स्प्रेमधला थिनर ताज्या इमल्शनवर मारला तर खालचा थर सुरकुततो. काही ठिकाणी स्प्रे हवाच असेल तर खालचा रंग आठवडाभर वाळू द्या आणि तळपायांच्या सावलीपुरता वापरा.

ओल्या रंगात रंग विरवणंही उघड्यावर जमत नाही, पहिला पट्टा दुसरा येईपर्यंत वाळतो. त्याऐवजी सहा सपाट पट्टे करा, पॉप पोस्टरासारखे. मात्र त्यात नारिंगी सारख्या प्रमाणात वाढवत नेऊ नका. पिवळ्यात नारिंगीचा पहिला चमचाच रंग पुष्कळ बदलतो, शेवटचे चमचे काहीच बदलत नाहीत. म्हणून दर वेळी दुप्पट: शंभर मिलि पिवळ्यात दोन मिलि, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, आणि शेवटचा पट्टा निखळ नारिंगी. तेव्हा पायऱ्या डोळ्याला बऱ्याच समान वाटतात. मोजायला औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या.

क्लिअर कोट घ्यायचाच तर पाण्याचा, बाहेरचा, मॅट. चकचकीत घेतलात तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रोलरचा प्रत्येक पट्टा दिसेल आणि थरथर उजेडाखाली झाकली जाईल. शेवटच्या हातानंतर सात दिवस थांबा. ढगाळ दमट दिवशी मारू नका, गडद निळ्यावर दुधाळ पापुद्रा धरतो आणि तो निघत नाही. वळवाचा पाऊस मेमध्ये दुपारनंतर येतो, म्हणून हा हात सकाळी आठच्या आत संपवा.

प्रत्येक शेडचे २०० मिलि झाकणबंद बाटलीत ठेवा आणि बाटलीवर बेस, स्टेनर आणि मिलि लिहा. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावा, नाहीतर वर्षाने तो उघडतच नाही.